सायक्लोथायमिया: मराठीत काय म्हणावं?

टिपकागद: सायक्लोथायमियावरच्या (मनःस्थिती दीर्घकाळ चढत-उतरत राहण्याचा विकार) रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचा अनुवाद चालू आहे. मसुद्यात 'चक्रीय मनोविकृती' लिहिलंय. चालेल? की सरळ 'लहरी स्वभाव' म्हणावं?

सांजवारा: 'मनोविकृती' नको, वाचणाऱ्याला सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, वाटेल. यात भास-भ्रम नसतात. 'लहरी' तर मुळीच नको. लहरी माणूस बेत बदलतो, पण त्याची झोप, बोलण्याचा वेग, खर्चाचा हात बदलतोच असं नाही. ग्रीक 'किक्लॉस' म्हणजे वर्तुळ, 'थिमॉस' म्हणजे चित्त. कालबाउम या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८८२ मध्ये हा शब्द वापरला. 'चक्रीय भावावस्था विकार' बरा.

बोरू: 'चक्रीय'लाही हरकत आहे. वाटतं, पौर्णिमा-अमावास्येसारखं ठरलेलं असेल. प्रत्यक्षात चढ दोन-तीन दिवसांचा, उतार कधी आठवड्याचा, आणि क्रम काहीच नाही. शीर्षकात सायक्लोथायमिया राहू द्या, खाली 'मनःस्थितीचे दीर्घकालीन चढउतार'.

सांजवारा: पटलं. पण 'दीर्घकालीन' म्हणजे किती ते लिहाच, निम्मा अर्थ मुदतीत आहे. डीएसएम-५ (अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांची निदानपुस्तिका) नुसार प्रौढांत किमान २ वर्षं, मुलांत आणि किशोरवयात १. त्यातला किमान निम्मा काळ लक्षणं असतात, आणि सलग २ महिन्यांपेक्षा जास्त सुटका नसते. शिवाय चढ हायपोमेनियाच्या, म्हणजे उन्मादाच्या सौम्य अवस्थेच्या, पूर्ण निकषांत बसत नाही (तिथे सलग ४ दिवस तरी लागतात, सोबत ठरावीक लक्षणं), आणि उतार मेजर डिप्रेशनच्या, म्हणजे तीव्र नैराश्याच्या, निकषांत बसत नाही (२ आठवडे, ९ पैकी ५ लक्षणं). बसला, तर निदानच पुन्हा तपासावं लागतं. 'सौम्य बायपोलर' (बायपोलर म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा विकार) लिहू नका. सौम्य म्हटलं की लोक दुखणं अंगावर काढतात.

टिपकागद: हायपोमेनियाला मसुद्यात 'अर्धवेड' आहे.

बोरू: काढा! 'सौम्य उन्माद' चालेल, नाहीतर हायपोमेनियाच. तिथेच 'निद्रानाश' लिहिला असेल तर तोही काढा. निद्रानाशात झोप हवी असते, येत नाही. इथे चार तास झोपूनही माणूस ताजातवाना असतो. 'झोपेची गरज कमी होणे' असं लिहा.

सांजवारा: मनःस्थितीच्या नोंदवहीचं पान असेलच. रोज एकाच वेळी −३ ते +३ मध्ये आकडा, झोपेचे तास, दारू, औषध, पाळीची तारीख. घोळ इथे होतो: लोक फक्त वाईट दिवस भरतात. मग वही नुसत्या नैराश्याची दिसते, चढ डॉक्टरांना कळत नाही, आणि एकटं नैराश्यरोधक औषध सुरू झालं तर काहींचा चढ आणखी वाढतो. थायरॉइडची तपासणी आधी करायची, हेही एका ओळीत येऊ द्या.

टिपकागद: पानावर 'चांगला दिवस / वाईट दिवस' असे रकाने आहेत.

सांजवारा: बदला. 'नेहमीपेक्षा चढा', 'नेहमीसारखा', 'नेहमीपेक्षा उतरलेला'. चढा दिवस रुग्णाला चांगलाच वाटतो, त्यामुळे 'चांगला' या रकान्यात तो लपून जातो. आणि 'नेहमीसारखा' म्हणजे किती झोप, किती काम, हे पहिल्याच पानावर घरच्या माणसाला विचारून लिहायला सांगा.