वाहता गाळ आणि बसलेला गाळ

प्रश्न : रशियातल्या बैकाल सरोवराबद्दल लिहिते आहे. सेलेंगा नदी सरोवरात जी माती-वाळू आणते, तिचं प्रमाण १९७० च्या दशकानंतर बरंच घटलं आहे. ‘सेडिमेंट’साठी ‘अवसाद’ हा शब्द मिळाला, पण तो वाचून मनात खिन्नताच येते. सरळ ‘गाळ’ लिहू का?

प्रतिसाद : गाळच लिहा. अवसादी खडक पाठ्यपुस्तकात ठीक आहेत, नदीला अवसाद नको. मात्र आपला गाळ बहुतेक वेळा थांबलेला असतो. तो साचतो, बसतो, उपसला जातो. धरणाचं पाणी ओसरलं की त्यावर गाळपेर होते. पाण्यात असेपर्यंत आपण ‘पाणी गढूळ आलंय’ एवढंच म्हणतो. म्हणून नदीतल्यासाठी ‘वाहता गाळ’ लिहा. त्यातही पाण्यात तरंगत येणारा बारीक पोयटा वेगळा आणि तळाशी घरंगळणारी वाळू-रेव वेगळी.

प्रतिसाद : ‘गाळ घटला’ या वाक्याची मला जास्त काळजी वाटते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ऐकलेल्या वाचकाला ती आनंदाची बातमी वाटेल. बैकालला नद्यांचं जे पाणी मिळतं, त्यातलं निम्मं एकट्या सेलेंगाचं. मुखाशी तिचा त्रिभुज प्रदेश आहे, पाखरांनी गजबजलेली पाणथळ जमीन. ती गाळावरच उभी आहे. १८६२ च्या भूकंपात तिचा मोठा तुकडा खचून सरोवरात गेला. तिथल्या उपसागराला रशियनमध्ये ‘प्रोवाल’, म्हणजे खचलेली जागा, असंच नाव पडलं. पुढे सरोवरातून निघणाऱ्या नदीवरच्या इर्कुत्स्क धरणामुळे सरोवराची पातळी सुमारे १ मीटरने चढली. जमीन खाली जाते, पाणी वर येतं, अशा ठिकाणी भर घालणारा गाळच कमी झाला तर काठ टिकायचा कसा? दुसरी बाजूही लिहा : मंगोलियातल्या आणि रशियातल्या खाणींकडचे जड धातू याच बारीक कणांना चिकटून येतात आणि त्यातले बरेच त्रिभुज प्रदेशातल्या लव्हाळ्यांत अडतात.

प्रश्नकर्ती : कारणांसाठी ‘धूप’ चालेल ना? सोव्हिएत संघ मोडल्यावर खोऱ्यातली बरीच शेतं पडीक राहिली, गवत आलं. शिवाय १९९६ पासून बरीच वर्षं नदीला पाणी कमी होतं.

प्रतिसाद : धूप उत्तम. ‘धूप कमी झाली, पाणीही ओसरलं, म्हणून नदीचा वाहता गाळ घटला’ असं लिहा. ‘सरोवरातला गाळ घटला’ मात्र नको. तळाशी बसलेला कुठेच गेलेला नाही, काही ठिकाणी तो किलोमीटरांनी जाड आहे.