पणजोबा जपान्यांच्या कैदेत होते, भरपाई मागता येईल का?

माणदेशी: नमस्कार मंडळी. पणजोबा सिंगापूरला फौजेत लॉरी ड्रायव्हर होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये पकडले गेले, साडेतीन वर्षं कैदेत काढली. घरात त्यांची जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) ताटली आहे, मागे खिळ्याने नंबर कोरलाय. आजी त्यात अजून भाकरी मळते. गोऱ्या कैद्यांना इंग्लंडने दहा हजार पौंड दिले म्हणे. आमचं काय?

जुनाफौजी: दिले, खरं आहे. नोव्हेंबर २००० मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं, हयात कैद्यांना किंवा त्यांच्या विधवांना. नातवंडांना नाही. आणि तेव्हाच्या इंडियन आर्मीचे शिपाई त्या योजनेत धरलेच नव्हते. गुरखा पलटणीतल्या नेपाळी शिपायांनाही वगळलं होतं. ते लंडनच्या कोर्टात गेले आणि २००२ मध्ये जिंकले. आपल्याकडून कोण जाणार होतं?

माणदेशी: मग जपानकडून?

जुनाफौजी: तो रस्ता आपणच बंद केला. युद्धानंतर बाकीच्या देशांनी जपानशी सॅन फ्रान्सिस्कोचा तह केला, त्यावर भारताने सही केली नाही. ९ जून १९५२ ला जपानशी वेगळा तह केला, त्यात नुकसानभरपाईचे सगळे दावे सोडून दिले. नेहरूंचा मोठेपणा म्हणा, पण ताटलीवाल्यांना कुणी विचारलं नाही.

कोकणकन्या: पैसे विसरा दादा. तो कोरलेला नंबर सर्व्हिस नंबर असेल, तर पणजोबांच्या माहितीसाठी लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. आणि त्या ताटलीत भाकरी मळणं आधी थांबवा, घासून घासून नंबर जाईल!

माणदेशी: आजीला सांगून बघतो. ऐकायची नाही.