मदत हवी आहे: लाइव्ह शोसाठी इअरप्लग कुठले घ्यावेत?

नमस्कार मंडळी. दिल्लीच्या 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी' या बँडची मी वेडी चाहती आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांचा 'बीटा' हा अल्बम आला, तेव्हापासून तो रोज ऐकतेय. त्यातला ट्रम्पेट हेडफोनवर इतका भिडतो, तर समोर उभं राहून काय होईल! त्यामुळे पुण्या-मुंबईत छोट्या बँडचे शो असले की मी शक्यतो चुकवत नाही.

पण गेल्या महिन्यात एका छोट्या हॉलमध्ये स्पीकरच्या अगदी पुढ्यात दोन तास उभी राहिले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कानात बारीक शिट्टी वाजत होती. खरंच घाबरले. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटंच सुरक्षित धरतात, हे नंतर वाचलं.

मेडिकलमधले फोमचे बोळे वापरून पाहिले. आवाज कमी होतो, पण झांजा आणि शब्द पार बुजतात, उरतो नुसता बेसचा घुमारा. वादक फिल्टरवाले प्लग वापरतात म्हणे. तुमच्यापैकी कुणी वापरलेत का? दोन हजारांच्या आत टिकाऊ काही मिळेल? माझे कान लहान आहेत, त्यामुळे मापाचंही सांगा. पुढचा शो तीन आठवड्यांवर आलाय.