पीयूसीत पेट्रोल कार फेल: सीओ १.१, लॅम्ब्डा ०.९६. सुरुवात कुठून करू?

मनीषनगर_पेट्रोल
नमस्कार मंडळी. २०१८ ची बीएस-४ पेट्रोल कार आहे, १२०० सीसी, ६८ हजार किमी झालेली. पीयूसीत फेल झाली. आयडलला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.८ टक्के, एचसी (न जळलेलं पेट्रोल) २९० पीपीएम. २५०० आरपीएमला सीओ १.१, लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे बरोबर) ०.९६, ऑक्सिजन ०.२ टक्के. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. ॲव्हरेज १६ वरून १३ वर आलंय. एक मेकॅनिक कॅट-कॉन (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर साफ करणारा डबा) बदला म्हणतो, दुसरा एअर फिल्टर अन् प्लग. "सेटिंग करून चिट्ठी काढून घ्या" असाही सल्ला मिळाला, पण ते करायचं नाही. गाडी रोज नागपुरात धंतोलीतून जाते, तिथं दवाखाने ओळीनं आहेत. नेमका दोष कसा शोधायचा?

चार_गॅस
कॅट-कॉनवर आत्ताच पैसे घालू नका भाऊ. बीएस-४ पेट्रोल कारला आयडलला सीओ ०.३ टक्के अन् एचसी २०० पीपीएम ही मर्यादा आहे. २५०० आरपीएमला सीओ ०.२ अन् लॅम्ब्डा ०.९७ ते १.०३. तुमचा लॅम्ब्डा खाली आहे, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जातंय. कॅट-कॉन सीओ जाळतो तो धुरातल्या उरलेल्या ऑक्सिजनवर. तुमच्या धुरात तो जवळजवळ उरलेलाच नाही, मग नवाकोरा कॅट-कॉन बसवला तरी सीओ तसाच बाहेर येणार. लॅम्ब्डा १ च्या आसपास असूनही सीओ जास्त आला असता, तर संशय त्याच्यावर घेतला असता.

प्लगचंही तसंच. प्लग मिस करत असेल तर एचसी खूप चढतो, ऑक्सिजनही वाढतो, सीओ फारसा हलत नाही. तुमच्याकडे उलटं चित्र आहे.

एअर फिल्टर स्वस्त आहे, बदलायला हरकत नाही. पण इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आत गेलेली हवा मोजून त्या हिशोबानं पेट्रोल सोडतो, त्यामुळे फिल्टर तुंबला तर ताकद कमी होते, मिश्रण सहसा रिच (पेट्रोल जास्त) होत नाही. फिल्टरनं सीओ वाढतो ही समजूत कार्बोरेटरच्या काळातली.

आता स्टिअरिंगखालच्या पोर्टला स्कॅनर लावा. इंजिन पूर्ण गरम करून या चार गोष्टी लिहून घ्या:
– लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय), चिन्हासकट
– पुढच्या अन् मागच्या ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट
– कुलंटचं तापमान
– आयडलला मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा) दाब

ट्रिमचं चिन्ह सर्वांत महत्त्वाचं. उणे १५-२० असेल तर ईसीयूला रिच कळलंय, तो पेट्रोल कापतोय पण पुरं पडत नाही. मग गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह किंवा पेट्रोल मिसळलेलं इंजिन ऑइल शोधायचं. अधिक असेल तर ईसीयूला वाटतंय पेट्रोल कमी पडतं, म्हणून तोच जास्त ओततोय. तेव्हा त्याला खोटी खबर कोण देतंय ते शोधायचं.

कुलंट ८५ ते ९५ अंशांवर स्थिर राहायला हवं. थर्मोस्टॅट उघडा अडकला किंवा सेन्सर बिघडला, तर ईसीयूला इंजिन थंडच वाटतं अन् तो पेट्रोल वाढवून देत राहतो. आयडलला मॅप साधारण ३० ते ४० किलोपास्कल.

इतवारीकर
पर्ज व्हॉल्व्हवर थोडं, कारण आपल्याकडे मे महिन्यात हा दोष फार फसवतो. टाकीत तयार होणारी पेट्रोलची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते अन् हा व्हॉल्व्ह ती थोडी थोडी इंजिनात सोडतो. पारा ४५ ला गेला की वाफ भरपूर. त्यात पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही "शंभरचं राऊंड फिगर करा" म्हणून आणखी भरलं, तर पेट्रोलच कॅनिस्टरमध्ये शिरतं. तपासणी सोपी आहे: पीयूसीचं मशीन लावलेलं असताना व्हॉल्व्हकडून इनटेक मॅनिफोल्डकडे (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपकडे) जाणारी नळी पकडीनं दाबा. आयडलचा सीओ लगेच उतरला, तर दोष तिथंच.

ई-२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर) खापर फोडणारेही भेटतील. एक किलो पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च्या जवळपास. ई-२० नं मिश्रण लीनकडे (पेट्रोल कमी) झुकतं. तुमचा दोष रिचचा आहे.

मनीषनगर_पेट्रोल
स्कॅनर लावला. ट्रिम अधिक १८. पुढचा सेन्सर ०.१ ते ०.१५ व्होल्टवर बसलेला, मागचा ०.८ वर स्थिर. कुलंट ९०, मॅप ३४. नळी दाबून सीओत फरक नाही.

चार_गॅस
मग बरंच स्पष्ट झालं. मागचा सेन्सर ०.८ वर म्हणजे रिच सांगतो, पुढचा ०.१ वर म्हणजे लीन, अन् ईसीयू ऐकतो पुढच्याचं. दिवा लागला नाही कारण ट्रिम अजून ईसीयूच्या हद्दीत आहे. बऱ्याच गाड्यांत ती २५ च्या आसपास असते. (हे साध्या ०.१ ते ०.९ व्होल्ट झुलणाऱ्या सेन्सरचं. काही गाड्यांत पुढे वाइडबँड नावाचा वेगळा सेन्सर असतो, त्याचे व्होल्ट असे वाचायचे नसतात. मॅन्युअल बघून घ्या.)

सेन्सर लगेच विकत घेऊ नका, आधी सायलेन्सरच्या लाइनची गळती बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या पाइपच्या) पॅकिंगमधून किंवा सेन्सरच्या आधीच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो अन् तो बिचारा खरं तेच सांगतो. सकाळी थंड इंजिन सुरू करून मॅनिफोल्डजवळ टक-टक आवाज ऐका. जोडावर काजळीचे काळे फराटे शोधा. जाड ओल्या कापडानं मागचा पाइप काही क्षण दाबला तर गळतीचा फुसफुस आवाज वाढतो. हे मोकळ्या जागेत करा, बंद गॅरेजात अजिबात नाही. सीओला वास नसतो.

गळती नसेल तर सेन्सर. गरम इंजिनावर ॲक्सिलरेटर झटकन दाबा, व्होल्ट ०.८ च्या वर उसळले नाहीत तर तो मेला किंवा वायर तुटली. चार वायरींचा असेल तर हीटरच्या दोन सारख्या रंगाच्या वायरी मीटरवर तपासा, साधारण ५ ते १५ ओहम यायला हवेत. बदलताना २२ चा पाना, इंजिन कोमट असताना. टोकाला ग्रीस किंवा बोट लागू देऊ नका. आसपास साधं सिलिकॉन सीलंटही वापरू नका, त्याची वाफ नवा सेन्सर खराब करते.

नंतर स्कॅनरनं ट्रिम शून्यावर आणा, २०-३० किमी चालवा, अन् गाडी थंड होऊ न देता थेट पीयूसीला न्या. कॅट-कॉन अडीचशे-तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. तेव्हा लॅम्ब्डा १ वर अन् सीओ तरीही ०.३ च्या वर, तर मात्र कॅट-कॉन गेला समजा.

इतवारीकर
एवढे महिने रिच चालली आहे तर इंजिन ऑइलही बदला. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो का बघा; ते ऑइल गरम झालं की त्याची वाफ ब्रीदरच्या नळीतून परत इंजिनात जाते, अन् सेन्सर नवा असूनही आयडलचा सीओ खाली येत नाही.