लूक १६ मधला श्रीमंत मनुष्य आणि लाजर: दाखला की घडलेली हकिकत?

अभ्यासगट_रविवार
जय ख्रिस्त. येत्या रविवारी गटात लूकच्या शुभवर्तमानातला १६:१९-३१ हा उतारा घ्यायचा आहे. गोष्ट अशी: श्रीमंताच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी पडून असतो. दोघे मरतात. लाजर यहूद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्या उराशी जातो, श्रीमंत यातनेत. तो म्हणतो, बोट पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करायला लाजराला धाडा, निदान माझ्या पाच भावांना सावध करायला तरी धाडा. अब्राहाम म्हणतो, मध्ये मोठी दरी आहे, आणि भावांजवळ 'मोशे व संदेष्टे' आहेत. दोन पक्ष पडलेत. एकांचे म्हणणे, येशूच्या बाकी दाखल्यांत (बोधासाठी रचलेल्या गोष्टींत) कोणाला नाव नाही, इथे 'लाजर' आहे, तेव्हा ही घडलेली गोष्ट आणि नरक असाच असतो. दुसरे म्हणतात, सगळे रूपक आहे, मरणानंतरचे यातून काहीच घ्यायचे नाही. मजकुरातूनच दाखवता येईल असे काय आहे?

मूळ_मजकूर
आधी शब्द तपासा. २३व्या वचनात 'अधोलोक' आहे, 'नरक' नाही. ग्रीकमध्ये 'हादेस', म्हणजे मेलेल्यांचे ठिकाण. नरकासाठीचा 'गेहेन्ना' हा शब्द लूकने १२:५ मध्ये वापरला आहे, इथे नाही. शिवाय पाच भाऊ अजून घरी जिवंत आहेत, म्हणजे शेवटचा न्याय व्हायचा आहे. प्रकटीकरण २०:१४ मध्ये तर अधोलोकच अग्नीच्या सरोवरात टाकला जातो. या उताऱ्यावरून सार्वकालिक नरकाचा नकाशा काढायला गेलात तर पहिलीच रेघ चुकते.

आता 'अब्राहामाच्या उराशी'. आपल्या डोळ्यांपुढे आईने लेकराला उराशी धरल्याचे चित्र येते. पण इथे पंगत पाहा. त्या काळी मेजवानीत डाव्या कोपरावर रेलून जेवत, त्यामुळे एकाचे डोके शेजारच्याच्या छातीजवळ येई. योहान १३:२३ मधला शिष्य येशूच्या उराशी आहे तो असाच, आणि तिथला ग्रीक शब्दही हाच, 'कोल्पोस'. लूक १३:२८-२९ मध्येही अब्राहाम देवाच्या राज्यात आहे आणि चहूकडून लोक येऊन पंगतीला बसतात. मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांकडे डोळे लावून बसलेल्याला यजमानाशेजारची मानाची जागा मिळाली! 'उराशी' म्हणजे स्वर्गातला एक पत्ता, एवढेच धरले की ही उलटापालट हातची जाते.

जुनी_हस्तलिखिते
नावाबद्दल. लाजर म्हणजे एलाजार, 'देव साहाय्य करतो'. दाराशी त्याला माणसाचे साहाय्य मिळाले नाही, कुत्री फोड चाटत होती. म्हणजे नाव कथेत काम करते. दुसरे काम २४व्या वचनात: श्रीमंत त्याला नावाने ओळखतो! 'मला माहीतच नव्हते' म्हणायची सोय उरत नाही, आणि तरी पाणी आणायला त्यालाच धाडा म्हणतो. लाजर मात्र सबंध गोष्टीत एक शब्द बोलत नाही.

लूक इथे 'दाखला' म्हणत नाही हे खरे. पण १६:१ मधल्या कारभाऱ्याची गोष्टही 'कोणीएक श्रीमंत मनुष्य होता' अशीच सुरू होते, आणि बेझा या जुन्या हस्तलिखितात १९व्या वचनाआधी 'आणखी एक दाखला सांगितला' अशी भर आहे. मी याला दाखलाच मानतो.

तरी 'सगळे रूपक' हेही मला पटत नाही. मरणानंतर काहीच नसेल तर २५वे वचन (आता लाजराला समाधान, श्रीमंताला क्लेश) पोकळ पडते. लूक २३:४३ मध्ये 'आज सुखलोकात' असे स्पष्ट वचन आहे. मरणोत्तर जाणीव आणि निवाडा घट्ट धरा. जीभ, बोट, थेंब ही चित्रे. श्रीमंताला पुरले आहे (२२), देह कबरेत आहे, तरी जीभ कोरडी! तर्तुल्यन या आरंभीच्या ख्रिस्ती लेखकाने या जीभ-बोटांवरून आत्मा देहमय असतो असे मांडले. शब्द ताणले की असे होते. उलट बाजूला, थोरला ग्रेगरी या पोपने शब्दार्थासोबत रूपकार्थही दिला: श्रीमंत म्हणजे यहूदी, लाजर म्हणजे विदेशी, यहूदी नसलेले. तेवढाच अर्थ घेतला तर दाराशी पडलेला भिकारीच दिसेनासा होतो.

शब्बाथशाळा_शिक्षिका
गटासाठी ४५ मिनिटे धरा. पहिली १० मिनिटे अध्याय १६ पहिल्या वचनापासून मोठ्याने वाचा आणि १४व्याला थांबा: ऐकणारे परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी पंथ) धनलोभी आहेत. मग १५ मिनिटे कागदावर दोन रकाने, इकडचे आणि तिकडचे: दार–दरी, तुकडा–थेंब, रोजची मेजवानी–अब्राहामाची पंगत. जोड्या त्यांनाच शोधू द्या. उरलेली २० मिनिटे २७-३१ साठी राखून ठेवा. १३ पैकी ५ वचने भावांवर खर्च झालीत, गोष्टीचे वजन तिथे आहे. 'मोशे व संदेष्टे' म्हणजे नेमके काय, ते बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातून १५:७-८ आणि 'यशया'तून ५८:७ काढून वाचा.

गाडी अडते ती हमखास २४व्या वचनावर, 'आग खरी का?' तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा आणि जोड्या झाल्यावरच घ्या. दुसरी चूक, 'गरीब तो तरला, श्रीमंत तो बुडाला'. अब्राहाम स्वतः धनवान होता, उत्पत्ती १३:२.

अभ्यासगट_रविवार
आभार. मग दरीचे काय? ती शब्दशः घ्यायची का?

मूळ_मजकूर
तिची खोली-रुंदी नाही, पण ओलांडता न येणे हो. २६व्या वचनात ती 'स्थापलेली' आहे, म्हणजे निवाडा फिरत नाही. याला २०वे वचन जोडा. तिथल्या दाराला ग्रीकमध्ये 'पुलोन' म्हटलेय, वाड्याचा मोठा दरवाजा. लाजर तिथेच पडून होता, आणि ते दार आतून उघडता येत होते.