क्लोन आहे म्हणून लेख उडवायचा हे पटत नाही

क्लोनवरचे, म्हणजे दुसऱ्या गेमची नक्कल करून बनवलेल्या गेमवरचे लेख ज्ञानकोशातून काढावेत का, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय, "मूळ गेमचीच नक्कल आहे, मग ज्ञानकोशात वेगळा लेख कशाला". हा मुद्दा मला अर्धाच पटला. कुणीतरी सुट्टीत बनवलेल्या मारिओ गेमच्या प्रत्येक नकलेला लेख नकोच, बाहेरच्या कुणी त्याबद्दल नीट लिहिलेलंच नसेल तर आपण लेखात घालणार काय? पण तसं लिहिलेलं असेल तर क्लोन की ओरिजिनल याने काय फरक पडतो. फ्रीसिव्ह हा गेम बघा, १९९५ ला डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला, सिव्हिलायझेशन या गेमवरून घेतलेला आणि आजही जिवंत.

आणि एक गोष्ट कुणी बोललंच नाही, क्लोनचा स्वतःचा इतिहास असतो. ओपनटीटीडी हा ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स या गेमचा क्लोन मी पहिल्यांदा टाकला तो सोलापुरात, नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेत, पेन ड्राइव्हवरून. चालूच होईना! फायली सापडत नाहीत एवढाच मेसेज, तासाचे पैसे गेले आणि मी नुसता स्क्रीनकडे बघत बसलेलो. नंतर ज्ञानकोशातला लेख वाचला तेव्हा कळलं की तेव्हा त्याला मूळ ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्सच्या ग्राफिक्स आणि आवाजाच्या फायली लागायच्या, मग लोकांनी सगळी चित्रं, आवाज, संगीत नव्याने बनवलं आणि २०१० च्या १.० व्हर्जनपासून मूळ गेम नसला तरी तो चालायला लागला. एवढी मेहनत मूळ गेमच्या लेखात "याचे क्लोनही आहेत" या एका ओळीत कशी बसवणार? मी तरी लेख ठेवा असंच म्हणेन.