क्लिअर कोट दुधाळ झालाय, डेकल वाचवता येतील का?

मॉडेल गाडीचं १:२४ प्रमाणातलं प्लॅस्टिक किट आहे, डायकास्ट (ओतीव धातूचं) नाही. लाल लॅकर छान बसला, बॉनेटवर वॉटरस्लाइड डेकलचे (पाण्यात भिजवून सरकवत चिकटवायचे) दोन पांढरे पट्टे लावले आणि स्प्रे कॅनमधला लॅकर क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारला. रत्नागिरीचा पाऊस, हवा चिंब. छपरावर आणि बॉनेटवर पांढुरकी साय धरली. दरवाजे मात्र चकाचक, काय न्याय आहे! भरपूर सुकू दिलं, २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हलकं घासलं, पॉलिशचं कंपाउंडही फिरवलं. साय आतच आहे.

एअरब्रश नाही. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर किटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, खातो, तो कृपया सुचवू नका. डेकलचा दुसरा संच मिळत नाही. उघडीप मिळेल त्या दिवशी त्याच क्लिअरचा पातळ ओला हात दिला तर साय विरेल, की आधी पट्टेच सुरकुततील?